पाटावर ठेवलेलं पुस्तक

माझी शाळा तिसरीत सुटली. चांदवडच्या बाजूला आमचं गाव. गुरुजींनी एकदा फळ्यासमोर उभं केलं, मला वाचता येईना, तर त्यांनी माझी नक्कल करून सगळ्या वर्गाला हसवलं. मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो. दुसऱ्या दिवशी वडील मारत मारत घेऊन गेले, तर शाळेच्या दारातल्या लिंबाला मिठी मारून उभा राहिलो. सोडवता सोडवता त्यांचेच हात दुखले. आत काही गेलो नाही.

हे सगळं मी माझ्या हातानं लिहितोय. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. तिला नको म्हटलं. अक्षरं वाकडी आहेत, तर असू द्या. ही गोष्ट नातीकडून लिहून घेण्यासारखी नाही, आणि न लिहिता ठेवावी तर तिची आजी गेल्यापासून ती माझ्या छातीवर बसली आहे.

सातपूरला मी आलो तेव्हा कारखाने नवेनवे होते. आधी हेल्पर म्हणून लोखंडाचा कीस झाडला, मग लेथवर उभा राहिलो. लोखंडाचा तुकडा फिरवत ठेवून त्याला आकार द्यायचा, त्या तुकड्याला आम्ही जॉब म्हणतो. हात चांगला होता. खोटं कशाला बोलू, अख्ख्या खात्यात माझ्यासारखा टर्नर नव्हता. टूल बोथट व्हायला लागलं की मशीनचा आवाज बदलतो, तो मला पाठ फिरवूनही कळायचा. पण चार्जमन व्हायचं तर कारखान्याची लेखी परीक्षा होती. पेपर मराठीत. मला अक्षर अक्षर लावून वाचता यायचं, पण पहिला प्रश्न कळेपर्यंत दुसऱ्यांचे तीन लिहून व्हायचे. दोनदा बसलो, दोनदा पडलो. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा फोरमन सगळ्यांसमोर म्हणाला, "याला जॉब द्या, कागद देऊ नका." सगळे हसले. मला ते गुरुजीच आठवले.

शेजारच्या मशीनवर ओझरकडचा एक मिलर होता. डबा खाताना त्यानं खिशातून एक छोटं पुस्तक काढलं. कव्हर फाटलेलं, कागद पिवळट.

"घे गड्या. हे वाच."

"मला कुठं वाचता येतं?"

"येईल. याच्यात अडलेला माणूस मी आजवर पाहिला नाय."

तो हसला तेव्हा मला कळलं कसलं पुस्तक आहे ते. तरी घेतलं. आणि खरं सांगतो, मी वाचलं. पहिल्या दिवशी अर्धं पान. जोडाक्षर आलं की पूर्वी मी तिथंच थांबायचो, आता पुढं काय आहे ते बघायची घाई असायची, त्या घाईत जोडाक्षर आपोआप ओलांडलं जायचं. आठ दिवसांत पुस्तक संपलं. जन्मात पहिल्यांदा मी एक पुस्तक या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचलं होतं. घाणेरडं होतं, पण पुस्तक होतं. मग दुसरं, मग तिसरं. चार महिन्यांत मी नोटीस बोर्डावरचा कागद उभ्या उभ्या वाचायला लागलो. पुढच्या परीक्षेला बसलो आणि पास झालो.

बायकोनं चाळीत साखर वाटली.

तिचं सांगायचं राहिलं. ती वडाळीभोईकडची. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. आमची एक खोली, पुढं ओटा. मुलगी तेव्हा तीन-साडेतीन वर्षांची. मी पुस्तकांना ब्राऊन पेपरची कव्हरं घातली होती, शाळेतल्या पोरांसारखी. वर पांढरी चिठ्ठी चिकटवून लिहिलं होतं, 'टर्निंग, भाग पहिला', म्हणजे लेथच्या कामाचं पुस्तक. मग दुसरा, तिसरा. सातव्या भागापर्यंत गेलो. तिला वाचता येत नव्हतं, चिठ्ठीची गरजच नव्हती. पण कुणी शेजारीपाजारी आला तर, म्हणून लावली. आणि खरं म्हणजे माझ्या हातानं लिहिलेलं असं काही मला बघायला आवडायचं.

पास झालो तरी वाचणं थांबलं नाही. आता ते वाचायला शिकण्यासाठी नव्हतं हे मला कळत होतं. पहिली पाळी असली की दुपारी तीनला घरी यायचो, जेवायचो आणि खाटेवर पुस्तक घेऊन बसायचो. ती मुलीला उचलून ओट्यावर जायची आणि दार ओढून घ्यायची. बाहेरून तिचा आवाज यायचा, "हळू बोला वो मावशी, त्यांचा अभ्यास चाललाय."

शेजारच्या मावशी म्हणजे तोंडाच्या फटकळ, नवरा गेलेला, एकट्या राहायच्या. त्या म्हणायच्या, "पास झाला ना तुझा नवरा? आता काय कलेक्टर व्हायचंय का त्याला?"

"फोरमनची परीक्षा हाय आता," ही म्हणायची.

फोरमनची परीक्षा नावाचं काही नव्हतं. मीच तिला तसं सांगितलं होतं.

आत बसून मी ते ऐकायचो आणि पान उलटायचो. नंतर लाज वाटायची. उद्यापासून नाही, असं ठरवायचो. उद्या दुपारी जेवण झालं की हात आपोआप पुस्तकांच्या ट्रंकेकडे जायचा. ठरवलेलं काम मी कधी सोडत नसे, सगळं खातं मला हेकट म्हणायचं, आणि इथं मला माझा हातच ऐकेना. ते मला सहन होत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे तिच्याजवळ जायचं राहिलं. एका खोलीत राहून मी तिच्याकडे बघेनासा झालो. पुस्तकातल्या बायका बोलायच्या, हसायच्या, सगळ्याला हो म्हणायच्या. त्यांच्यासमोर मी कुठंच कमी पडत नव्हतो. ही समोर भाकरी थापत बसलेली असायची, हाताला पीठ, कपाळावर घाम, आणि माझी नजर तिच्यावरून घसरून जायची.

ती काही बोलली नाही. एकदा फक्त मावशींना सांगताना ऐकलं. मावशी विचारत होत्या, "पोरगी चार वर्षांची झाली, दुसऱ्याचं काय?" ही म्हणाली, "परीक्षा होऊ द्या. अभ्यासात असलं की माणसानं तसंच राहायचं असतं म्हणे."

मी व्रत पाळतोय असं तिला वाटत होतं.

त्या वर्षीच्या दसऱ्याला मी सकाळी आपट्याची पानं आणायला बाजारात गेलो होतो. परत आलो तर तिनं पाट मांडलेला. पाटावर मुलीची नवी पाटी, पाटीवर खडूनं सरस्वती काढलेली, ती तिला मावशींनी शिकवली होती. पाटीच्या शेजारी माझा मायक्रोमीटर आणि कॅलिपर, धुऊन पुसून. आणि त्यांच्यापुढं ब्राऊन पेपरची सात पुस्तकं, एकावर एक नीट रचलेली. प्रत्येकावर हळदीकुंकू. सगळ्यात वर झेंडूचं फूल.

मी दारातच उभा राहिलो.

"या ना," ती म्हणाली. "ट्रंकेतून मीच काढली. रागवू नका. पाटीपूजनाला घरातली पुस्तकं ठेवायची असतात. आपल्या घरात कुठं होती आजवर? लोकांच्या घरात बघायची मी. यंदा आपल्यात हाय."

तिनं मुलीचं डोकं धरून पाटाला टेकवलं. मग स्वतः वाकली. मग मला म्हणाली, "पडा पाया. तुमचीच विद्या हाय."

मी पाया पडलो. दुसरं काय करणार होतो? कपाळ टेकलं तेव्हा त्या पिवळ्या कागदाचा वास आला, झेंडूच्या वासात मिसळलेला. तो वास अजून येतो. दसऱ्याला मी झेंडू घरात आणू देत नाही, सुनेला वाटतं म्हाताऱ्याला ॲलर्जी आहे.

संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर ती म्हणाली, "समाजमंदिरात बायकांचा वर्ग निघालाय, दुपारचा. मोठ्या बायकांना शिकवतात. जाऊ का?"

"तुला कशाला?"

"तुम्ही या वयात शिकलात, मला येणार नाय का? पहिलं पुस्तक तुमचंच वाचून दाखवीन. लेथचं. मग तुम्ही मला समजावून सांगा."

तिला नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. ती जायला लागली, आणि तिला वाचता यायच्या आत मला हे सोडायला हवं होतं.

आधी मी माझ्या पद्धतीनं करून पाहिलं. वणीला पायी गेलो, गडावर देवीपुढं नाक घासलं, शपथ घेतली. बारा दिवस टिकली. एका वैद्यानं पुड्या दिल्या, त्यानं नुसतं पोट बिघडलं. झोप उडाली, जॉब बिघडायला लागले. माझे जॉब कधी परत येत नसत, ते परत यायला लागले. शेवटी कामगार विम्याच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, दोन-चार प्रश्न विचारले आणि चिठ्ठी लिहून दिली. म्हणाले, "मोठ्या दवाखान्यात गुरुवारी मनाचे डॉक्टर बसतात. त्यांना दाखवा."

"मी वेडा नाय."

"तुम्ही वेडे आहात असं कोण म्हणालं? जा तर खरं."

तीन गुरुवार मी गेटपर्यंत जाऊन परत आलो. चौथ्या गुरुवारी आत गेलो. दारावर पाटी होती, 'मनोविकार विभाग'. ती मी एका दमात वाचली, आणि वाचायला शिकल्याचा पहिल्यांदा राग आला.

डॉक्टर माझ्याहून लहान होता. जाड चष्मा, पुण्याकडचं बोलणं. मी त्याला सांगितलं, "माझा एक मित्र हाय, त्याला अशी अशी सवय लागलीय. त्याच्यासाठी विचारायला आलोय."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची पुढं सरकवली. "मित्राला बसायला सांगा. उभं राहून पाय दुखतील त्याचे."

मी बसलो. तो काही लिहीत नव्हता. मग मी सगळं सांगितलं. पाटावरच्या पुस्तकांचंही सांगितलं. वाटलं, आता हा हसणार. त्यानं चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "वही आहे का घरी?"

"कशाला?"

"पुस्तक हातात घ्यावंसं वाटलं की लिहायचं. घेतलं का नाही ते नंतर बघू. त्याच्या आधी काय झालं होतं, एवढंच लिहून आणा."

"मला वाचता येतं. लिहायची सवय नाय."

"एक ओळ पुरे."

आयुष्यात मी मनानं लिहिलेली पहिली ओळ होती, 'फोरमन हसला'. दुसरी, 'साहेब इंग्रजीत बोलले मला कळलं नाही'. तिसरी, 'मेव्हणा आला होता'. तो शाळामास्तर होता. अशा दीड-दोन महिन्यांच्या ओळी झाल्या. डॉक्टरनं त्या मलाच मोठ्यानं वाचायला लावल्या. वाचता वाचता माझं मलाच दिसलं. ज्या ज्या दिवशी कुणी मला खाली बघायला लावलं होतं, त्या दिवशी मी ट्रंक उघडली होती.

तो म्हणाला, "टूल तुटायच्या आधी तुम्हाला कसं कळतं?"

"आवाज बदलतो."

"मग काय करता?"

"फीड काढतो, टूल मागं घेतो. मशीन थांबवतो. टूलला धार लावून आणतो."

"आणि तसंच दामटलं तर?"

"टूलबी जातं, जॉबबी जातो."

"हे मी तुम्हाला शिकवायला नको मग." तो म्हणाला. "आवाज बदलला की उठायचं. खोलीच्या बाहेर पडायचं. आणि कुणातरी एकाला सांगायचं. एकट्यानं ठेवायचं नाही."

"कुणाला सांगू?"

"घरात कोण आहे?"

ते मला मंजूर नव्हतं. मी म्हटलं, "तिचा काय संबंध?"

"तिचाच तर संबंध आहे. एकदा घेऊन या. मी बोलतो."

मी नाही म्हटलं. दर गुरुवारी तो विचारायचा, दर गुरुवारी मी नाही म्हणायचो. बाकी सगळं ऐकलं. दुपारी हात शिवशिवायला लागले की चप्पल घालून कालव्यापर्यंत चालत जायचो, पाण्याकडे बघत बसायचो, परत यायचो. कधी जमायचं, कधी नाही. नाही जमलं तरी डॉक्टर ओरडायचा नाही. "पुढच्या वेळी काय कराल?" एवढंच विचारायचा. उन्हाळ्यापर्यंत सुटत आलं. झोप यायला लागली. जॉब परत येणं थांबलं.

पुस्तकं घरातून काढा, असं त्यानं सांगितलं होतं. मी सहा पुस्तकं बॉयलरच्या भट्टीत टाकली. घरी सांगितलं, कंपनीची होती, परत दिली. डॉक्टरला सांगितलं, सगळी जाळली.

एक ठेवलं होतं. भाग पहिला. ट्रंकेच्या तळाला, तिच्या लग्नातल्या शालूखाली. ते मी पुन्हा उघडलं नाही, हे खरं आहे. पण ते मी पुरं केलेलं पहिलं पुस्तक होतं. ज्याला शाळेत हसून हाकललं, त्यानं शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं. ते जाळायला हात उठेना. दुसरं एखादं चांगलं पुस्तक माझ्या वाट्याला आधी आलं असतं, तर मी तेही असंच ठेवलं असतं. नव्हतं आलं, त्याला मी काय करू?

तिकडे ती शिकत होती. आधी स्वतःचं नाव. ते तिनं चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं, आणि ते पुसू दिलं नाही. मग रस्त्यावरच्या पाट्या. बसला उभे राहिलो की लांबून येणाऱ्या गाडीची पाटी मी वाचायच्या आत ती वाचायची, "त्र्यं... त्र्यंबक! आपली नाय." 'त्र्यं' आल्याचं तिला कोण कौतुक. एकदा दवाखान्याच्या भिंतीपाशी कुणीतरी पान खाऊन थुंकला, तर ही त्याला थांबवून भिंतीवर बोट ठेवून म्हणाली, "ये-थे थुं-कू न-ये. वाचता येत नाय का, भाऊ?" तो माणूस खजील होऊन बघतच राहिला. घरी येईपर्यंत ती हसत होती.

मला ती तेव्हा पुन्हा दिसायला लागली होती. म्हणजे माझी नजर थांबायला लागली होती तिच्यावर. अडलं की ती विचारायची, "हे काय वो अक्षर?" आणि मी सांगायचो. आमच्या लग्नातले ते चांगले दिवस होते. पाच-सहा महिने असतील.

मग दुसरा दसरा आला.

मी सकाळी जुन्या फोरमनच्या घरी सोनं द्यायला गेलो होतो, तो तेव्हा रिटायर झाला होता. त्यानं चहा पाजला, उशीर झाला. ओट्यावर आलो तर आतून तिचा वाचायचा आवाज. मला वाटलं, वर्गातलं पुस्तक असेल.

आत पाट मांडलेला. ती पाटासमोर मांडी घालून बसलेली, अंगावर लग्नातला शालू. समोर मावशी. मुलगी अंगणात खेळत होती. बायकोच्या हातात ब्राऊन पेपरचं पुस्तक होतं, कव्हरवर ओलं कुंकू.

"आलात का?" ती म्हणाली. "शालू काढताना सापडलं. एक राहिलं होतं द्यायचं. बघा, चिठ्ठी वाचली मी. टर्-निंग. भाग पहि-ला. आता आतलं वाचते. बोलले होते ना मी?"

"वाच गं," मावशी म्हणाल्या. "ऐकू दे तरी तुझ्या नवऱ्याची विद्या."

"दु-पा-र-ची वे-ळ हो-ती." तिनं मान वर केली. "मावशी, गोष्ट हाय!"

"लेथवर गोष्टी सांगत्यात व्हय?"

"घ-रा-त को-णी न..." ती अडली. पुस्तक माझ्याकडे वळवून अक्षरावर बोट ठेवलं. "हे काय वो?"

"व्ह," मी म्हणालो. "नव्हतं."

मी सांगितलं. पुढं काय आहे ते मला तोंडपाठ होतं. तिसऱ्या ओळीत काय, पाचव्या ओळीत काय, सगळं. दोन पावलं पुढं होऊन पुस्तक ओढून घेता आलं असतं. ओढलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं. मी म्हटलं, "राहू दे आता. जेवायचं बघ."

"थांबा वो. येतंय मला. पान पुरं करणार."

अक्षर अक्षर लावून वाचणाऱ्याला अर्थ मागून येतो. मला माहीत आहे ते. ओळ पुरी होते, मग माणूस ती मनात पुन्हा म्हणून बघतो, मग कळतं. तिनं तिसरी ओळ वाचली, चौथी वाचली. पाचव्या ओळीच्या मध्यावर आवाज बारीक झाला. मग ओठ नुसते हलले. मग तेही थांबले.

मावशी उठल्या. "दूध ठेवलंय गं चुलीवर," असं म्हणून गेल्या. त्यांच्या घरी त्या वेळी दूध नसायचं. ही गोष्ट त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितली नाही, एवढे त्यांचे उपकार आहेत माझ्यावर.

तिनं वर पाहिलं नाही. "हे टर्निंगचं नाय ना?"

"नाय."

"आन् ती बाकीची?"

"तीबी नाय."

तिनं पुस्तक मिटलं. शालूच्या पदरानं त्याच्यावरचं कुंकू पुसायला लागली. शालू खराब होत होता, तरी पुसत होती.

"पोरीला पाया पडायला लावलं मी," ती म्हणाली.

मग उठून तिनं वाढलं. आम्ही जेवलो. पुरणपोळी होती.

दुसऱ्या दिवशी वर्गाला गेली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. शिकवणाऱ्या बाई घरी बोलवायला आल्या, "अहो, तुम्ही तर सगळ्यांच्या पुढं होता," तर ही म्हणाली, "घरात लय काम हाय, बाई." चुलीमागचं नाव एक दिवस पोतेऱ्याखाली गेलं. मी पहिल्या पाळीला होतो, घरी आलो तर भिंत सारवलेली.

गुरुवारी मी डॉक्टरला सगळं सांगितलं. एक पुस्तक ठेवलं होतं तेही सांगितलं. मला वाटलं, आता तरी हाकलेल. तो म्हणाला, "आता तरी त्यांना घेऊन या."

ती आली. मला वाटलं नव्हतं येईल. डॉक्टरनं तिला विचारलं, "तुम्हाला काय वाटलं इतके दिवस?" तिला असं कुणी कधी विचारलेलं नव्हतं. मी तर नव्हतंच. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मला वाटायचं माझ्यात काय कमी हाय. मग वाटायचं, नाय, अभ्यास हाय त्यांचा. अभ्यासाचं नाव घेऊन मी दिवस काढले." थोडं थांबून म्हणाली, "आता कशाचं नाव घेऊ?"

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. उत्तर मी द्यायचं होतं.

ती आणखी दोनदा आली. मग म्हणाली, "तुम्ही जात जावा. बरे व्हा. माझं तिथं काय काम नाय." मी वर्षभर गेलो. बरा झालो, हे सांगायला पाहिजे, कारण मी गेलो नसतो तर झालो नसतो. माझ्यासारखा कुणी असेल तर त्यानं शपथा न घेता असा डॉक्टर गाठावा. आणि घरातल्या माणसाला आधी सांगावं. मी ते शेवटी केलं.

पुढं व्हिडिओ आले. वस्तीत खोल्या भाड्यानं घेऊन, खिडक्यांना गोणपाट लावून तसले पिक्चर दाखवायला लागले. मिलर एकदा म्हणाला, "चल, आता वाचायचेबी कष्ट नायत." मी कालव्याकडे चालत गेलो. एकदाच घसरलो. त्या दिवशी घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलं सांगितलं," आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. मी वाचलो तो तिच्या त्या एका वाक्यामुळं. पण भाकरीवरची तिची नजर वर आली नाही.

तसा संसार चालला. एक मुलगा झाला. ती कडू कधी बोलली नाही, टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं, असं वाटायचं.

कारखान्यातल्या लोकांनी मिळून घरं बांधली, त्यात आमचं एक होतं. सालं उलटली होती, मुलगी आठवी-नववीत असेल. घर मी बायकोच्या नावावर करायचं ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच. वाटलं, एका कागदावर तरी तिचं नाव असावं. कोर्टाच्या बाजूच्या ऑफिसात कागद करायला गेलो. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "बाईंना सही येते?"

"येते," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं असेन.

"नाय येत," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. "येतं की तुला. तुझं नाव तू..."

तिनं अंगठा पुढं केला. कारकुनानं शाईचा डबा सरकवला, अंगठा धरून कागदावर दाबला आणि शेजारी बारीक अक्षरात तिचं नाव लिहिलं. ते तिनं बघितलं नाही. बाहेर येऊन सगळे पुसतात तसा तिनं भिंतीला अंगठा पुसला. ती भिंत खालपासून खांद्यापर्यंत निळी होती.

बसस्टॉपवर आम्ही उभे राहिलो. ऊन होतं, तिनं पदर डोक्यावर घेतला होता. लांबून बस येत होती, पाटी स्वच्छ दिसत होती, मला तर दिसत होती. ती रस्त्याकडे बघत होती, पण पाटीच्या जरा खाली, चाकांकडे.

बस जवळ आली तेव्हा तिनं मला विचारलं, "सातपूरचीच ना ही?"

मी म्हणालो, "हो." आणि तिला आधी चढू दिलं.